तंबूतली बाई

"कापडवाल्या शरणप्पानं तंबूत बाई ठेवलीय!" निजामाच्या राज्यात मोठ्यानं बोलायची चोरी, पण उमरग्यात ही कुजबूज घरोघरी पोचली. मठाच्या स्वामींपुढं सिनेमाविरुद्ध शपथ घेतलेला हा माणूस रोज संध्याकाळी टूरिंग टॉकीजच्या तंबूत शिरायचा आणि खेळ रंगात यायच्या आतच गालात हसत बाहेर पडायचा. मग संशय येणार नाही तर काय!

त्याची बायको जगदेवी हिनं माहेरी जायला बोचकं बांधलं. पण आधी चोर मुद्देमालासकट धरावा म्हणून ती तंबूत बायकांच्या बाजूला जाऊन बसली. पडद्यावर रेघांनी काढलेली एक बकरी फौजदाराची टोपी खाऊ लागली. शरणप्पा मांड्या थोपटून हसला. बकरी संपली, खरीखुरी नटी आली, तसा तो धोतराचा सोगा डोळ्यांवर धरून बाहेर पळाला.

जगदेवीनं त्याला दारातच गाठलं. "कुठं हाय ती बया?"

"कोण गं?"

"जिच्यापायी तुमी शपथ मोडली ती!"

"मोडली न्हाय! नटनट्या बघायच्या न्हाईत, अशी शपथ हाय. चितारलेली बकरी कुठली नटी? पर लई ग्वाड हाय बघ."

जगदेवीनं घरी येऊन बोचकं सोडलं. शरणप्पा रोज सात मिनिटांची चित्रांची फिल्म बघायला जायचा. बाई कुणी नव्हतीच.