रिपोर्ट माझा होता

संगमनेरला घराच्या पुढच्या खोलीत मी बायकांचे ब्लाउज शिवते. पंचवीस वर्षं झाली. कुणाचा खांदा उतरता, कुणाची छाती बाळंतपणानंतर कशी बदलली, हे मला वही न उघडता सांगता येतं. स्वतःकडे मात्र तसं कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर एका दवाखान्यात बायकांच्या छातीच्या तपासणीचं शिबिर होतं. शेजारणी निघाल्या म्हणून मीही गेले. मशीनच्या दोन गार पाट्यांमध्ये छाती दाबून श्वास धरायचा, एवढंच. घरी येऊन पुन्हा लग्नसराईच्या कामाला बसले. रिपोर्ट आणायला आमचे हे गेले. ते दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत, दवाखाना त्यांच्या वाटेवरच पडतो.

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"काय न्हाई. सगळं ठीक हाय," ते म्हणाले आणि पाय धुवायला मोरीत गेले.

संक्रांतीच्या आठवड्यात एका दुपारी फोन आला.

"ताई, दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. तुम्ही पुढच्या तपासणीला आलाच नाहीत. रिपोर्टवरच्या नंबरावर दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. मग शिबिराच्या यादीत हा नंबर सापडला."

"कसली पुढची तपासणी?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही का, ताई? उजव्या बाजूला काहीतरी दिसलंय. पुष्कळदा ते साधंच असतं, पण नीट बघितल्याशिवाय म्हणता येत नाही. उद्या याल? मॅडम आहेत."

"येते," मी म्हणाले. फोन ठेवला आणि मशीनवर तशीच बसून राहिले. दारातून ऊन येत होतं. त्यात कापडाचे बारीक तंतू तरंगत होते, खाली यायचं नावच घेत नव्हते. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, पण त्याचा आवाज नदीपलीकडून आल्यासारखा वाटला. कितीतरी वेळाने कळलं, की माझा हात आपोआप उजव्या बाजूला गेलाय.

हे घरी आले तेव्हा मी एवढंच म्हटलं, "सिस्टरचा फोन आला होता."

ते उंबऱ्यातच खाली बसले. "डॉक्टरांनी कागद हातात दिला. म्हनले, म्होरं तपासून घ्या. आन् लगेच दुसऱ्याला आत बोलावलं. मी काय इचारनार? माझी आई छातीतल्या गाठीनंच गेली. त्यो कागद मी टेम्पोत ठिवला. रोज वाटायचं, आज सांगू."

"आणि फोन?"

"माझ्याच मोबाईलवर आल्ते. उचलले न्हाईत."

दोन महिने हा माणूस माझ्यासमोर जेवत होता. मी भाजी वाढत होते आणि तो माझ्याकडे न बघता खात होता, हे आता मला दिसू लागलं. राग आला. पण ते उंबऱ्यातून उठेनात, तेव्हा मी आधी पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तेही माझ्याबरोबर आत यायला उठले. मी म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा. रिपोर्ट माझा आहे."

डॉक्टर मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी आधी फाइल मिटली आणि माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्हालाच सांगायला हवं होतं. आमच्याकडून चुकलं," म्हणाल्या. मग पॅडवर छातीचं चित्र काढून एक टिंब दिलं. गाठ किती लहान आहे, हाताला का लागत नाही, सुईने तुकडा का घ्यायचा, सगळं सावकाश सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगा बरं, काय समजलं?"

शाळेत उभं केल्यासारखं वाटलं, पण मी सांगितलं, "हरभऱ्याच्या डाळीएवढी गाठ आहे. कसली ते अजून माहीत नाही. तुकडा तपासला की कळेल."

"बरोबर. आणि सुईच्या यंत्राचा टक् असा मोठा आवाज येतो. दचकू नका, मी आधी सांगेन."

त्यांनी खरंच आधी सांगितलं. तरी दचकले. सिस्टरने माझी बोटं घट्ट धरून ठेवली होती.

"रिपोर्ट कसाही येवो, मंगळवारी दुपारी मी स्वतः फोन करीन," मॅडम म्हणाल्या.

मंगळवारपर्यंतचे दिवस धुक्यातून चालल्यासारखे गेले. सकाळी प्रवरेवर खरंच धुकं असायचं, पूल अर्धाच दिसायचा. मी पुलाच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. पलीकडून माणसं हळूहळू उमटत यायची, आधी पाय, मग धड, मग ओळखीचा चेहरा. भीती वाटत नव्हती असं नाही. पण ती सुद्धा ओल्या कापडासारखी जड आणि गार होती, अंगाला चिकटून राहिलेली. हे रोज माझ्याबरोबर यायचे, दोन पावलं मागे. एकदा म्हणाले, "आईला बी कुनी काय सांगितलं न्हवतं." मी मागे वळले नाही, पण चालणं सावकाश केलं.

मंगळवारी फोन आला. "गाठ कॅन्सरची नाही," मॅडमनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. मग म्हणाल्या, "पण हे प्रकरण इथं संपत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा, गाठ वाढतेय का बघायला. मधे काही वेगळं वाटलं तर थांबायचं नाही. काय समजलं?"

मी सगळं परत म्हणून दाखवलं.

सहा महिन्यांनी आम्ही दोघं गेलो. या वेळी मीच त्यांना आत घेतलं. गाठ होती तेवढीच होती. मॅडम माझ्याशी बोलत होत्या आणि हे टोपी मांडीवर ठेवून ऐकत होते. निघताना त्यांनी घाबरत विचारलं, "मॅडम, आमच्या पोरीनं बी दाखवायला पायजे का?"

मॅडमनी पुन्हा पॅड पुढे ओढला, आणि आपली खुर्ची यांच्याकडे वळवली.