मास्तरणीचा रस्ता

नकाशा उघडल्यावर त्याची घडी जशीच्या तशी परत घालणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. ती माझी विहीण, मुलाची सासू. तोंडावर मी तिला विहीणबाई म्हणायचे आणि मनात मास्तरीण. वर्ध्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने तीस वर्षं भूगोल शिकवला होता. माझं शिक्षण चौथी. पुढे दवाखान्यात आया म्हणून राबले. तिने कधी शिक्षणाचा तोरा दाखवला नाही. दाखवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

माझा मुलगा मिलिंद इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तो सहा वर्षांचा असताना त्याचा बाप गेला. पुढचं सगळं मी केलं. हिवाळ्यात आम्ही दोघी विहिणी तीन महिन्यांच्या व्हिसावर एकदमच त्याच्याकडे यायचो. फेब्रुवारीत शाळेला आठवडाभर सुट्टी लागली की नातीला, मैत्रीला, बर्फावर घसरायला न्यायचं ठरलेलं. ते गाव डोंगरांच्या मागे, फार आडबाजूला. तिथे जायला शेवटी दोनच रस्ते. एक घाटातून, चढाचा पण जवळचा. दुसरा ऑस्ट्रियात शिरून वळसा घालणारा, तासभर लांबचा.

पहिल्या वर्षी गाडीत बसताना मी म्हटलं, "विहीणबाई, तुम्ही पुढे बसा. मान तुमचा." आता हे म्हणायचं असतं. समोरच्याने "छे छे, तुम्हीच बसा, तुम्हाला गाडी लागते" म्हणायचं असतं. मग मी पुढे बसले असते. मास्तरीण म्हणाली, "बरं," आणि बसली. पट्टा लावून मांडीवर नकाशा पसरूनसुद्धा झाला. त्यानंतर तीन वर्षं ती जागा तिचीच. मुलगा माझा, आणि त्याच्या शेजारी ती. मी मागे सून प्रज्ञा आणि मैत्रीच्या बाजूला, हातात प्लास्टिकची पिशवी धरून.

निघायच्या आठवडाभर आधी स्वयंपाकघरातलं टेबल तिच्या ताब्यात जायचं. पेट्रोल पंपावरून आणलेला मोठा नकाशा, चष्मा आणि टोक काढलेली पेन्सिल. जेवणं उरकली की मिलिंद ताट बाजूला सारून तिच्याजवळ बसायचा. दिवसभर त्या दोघांचं काही बोलणं नसे, पण नकाशा उघडला की तास तास चालायचं.

"अहो आई, सरळ म्युनिकवरून गेलो तर? सगळा मोठा रस्ता."

"शनिवारी सुट्टी लागते. सगळं म्युनिक त्याच रस्त्याला येणार. गाड्यांची ही मोठी रांग. तुम्हीच म्हणता ना, काय ते, श्टाऊ?"

"हो, श्टाऊ तर असणारच."

"मग आउग्सबुर्गवरून काढा. वाटेत गावं लागतील, पण गाडी चालती राहील."

तिला तो "अहो आई" म्हणायचा, मला "ए आई". त्यात काही वावगं नाही, रीतच ती. पण तिला तो रस्ता विचारायचा, आणि मला, "ए आई, गोळी घेतलीस का?"

त्या सुमारास मिलिंदने नवा फोन घेतला होता. काचेला चिकटवला की त्यातली बाई रस्ता सांगायची. मास्तरणीचं तिच्याशी पटत नसे. "ही वळायला सांगते, कारण सांगत नाही," ती म्हणायची. "रस्ता लांबचा असला तरी चालेल, पण का लांबचा ते कळलं पाहिजे." आणि खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं फोन हरला आणि मास्तरीण जिंकली. म्युनिकवरून गेलेले मिलिंदचे मित्र दोन तास उशिरा पोचले. मिलिंदने तिला तिथल्या हॉटेलात मोठा केक खाऊ घातला. मीही खाल्ला. केक चांगला होता, म्हणून जास्तच राग आला.

गाडीत ती नद्या मोजायची. पूल आला की मागे न वळता विचारायची, "मैत्री, ही कोणती?" मैत्री आमच्याशी मराठीत बोलायला कंटाळायची. मी काही विचारलं की खांदे उडवायची. पण तिला मात्र नदीचं नाव ओरडून सांगायची, "लेख!" मग मास्तरीण म्हणायची, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर; हा शब्द तिने नातीकडूनच उचलला होता. दोघी हसायच्या. नदी आली काय आणि गेली काय, मला मळमळत होतं.

तिसऱ्या वर्षी निघताना प्रज्ञाने त्या गावातल्या घरमालकिणीला फोन केला. घाट उघडा आहे, ती म्हणाली. पण दुपारपर्यंत बर्फ वाढत गेलं. घाटाच्या फाट्याजवळ आलो तेव्हा वायपर पुरा पडत नव्हता. फोनमधली बाई म्हणाली, सरळ जा. म्हणजे ऑस्ट्रियाचा वळसा.

"अहो आई, काय करू?" मिलिंदने विचारलं.

"उजवीकडे घ्या. सकाळीच विचारलंय, घाट उघडा आहे," मास्तरीण नकाशातून मान वर न काढता म्हणाली.

फाट्यावर उजव्या हाताला एक पाटी असते. हिरवी असली तर घाट उघडा, लाल असली तर बंद. दोन वर्षांत एवढं मला कळलं होतं. रंग ओळखायला शाळा लागत नाही. मी उजव्या खिडकीशी होते. पाटी लाल होती.

मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मिलिंद म्हणाला, "आई म्हणतात ना, मग घाटानेच." मी तोंड मिटलं. म्हटलं, चुकू दे एकदा. त्याच्यासमोर चुकू दे.

अर्ध्या घाटात रस्त्यावर लोखंडी दांडा आडवा घातलेला होता. वरून बर्फ कोसळायचा धोका होता, म्हणून दुपारीच घाट बंद केला होता. गाडी वळवताना मागचं चाक घसरून चरात गेलं. धक्का बसला आणि मैत्रीचं डोकं काचेवर आपटलं. ती जोरात रडायला लागली. मिलिंद स्टिअरिंगवर हात आपटून ओरडला, "आई, त्या कागदावर एवढा कसला भरवसा तुम्हाला?"

मास्तरीण शांतपणे म्हणाली, "चूक माझी. खाली थांबून बघायला हवं होतं." आणि खाली उतरून पोरीच्या कपाळाला बर्फ लावू लागली. ट्रॅक्टर येऊन आम्हाला ओढून काढेपर्यंत दोन तास गेले. त्या दोन तासांत मिलिंद तिच्याशी एक शब्द बोलला नाही. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. अर्धा तास वाटलंही. मग पोरीचं टेंगूळ निळं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं बर्फावर गेले. आम्ही दोघी भाड्याच्या घरात. ती चहा करत होती.

"विहीणबाई, खाली पाटी लाल होती," मी म्हटलं.

"हो."

"तुम्हाला दिसली होती?"

"नाही हो. तुम्हाला दिसली होती. वळल्यावर मी आरशात पाहिलं, तर तुम्ही मान वळवून मागे काहीतरी बघत होतात. वर दांडा दिसला तेव्हा कळलं काय ते."

"मग मिलिंदला का नाही सांगितलंत?"

"त्याच्या आईची त्याच्याकडे चुगली करू? चुगली करणाऱ्या पोरांना मी तीस वर्षं बाकावर उभं केलंय." तिने गाळणी धुतली. "साखर किती घालू?"

साखर किती ते तिला चांगलं माहीत होतं. मी चूक कबूल करायला गेले होते आणि आणखी जळत परत आले. नकाशात ती पुढे होतीच, आता मोठ्या मनातही पुढे. मला कुठे काही शिल्लकच ठेवलं नाही बाईने. परतीच्या वाटेवर ती आपण होऊन मागे बसली. मी पुढे बसले. मिलिंद अख्ख्या वाटेत फोनमधल्या बाईचं ऐकत होता.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास ती वर्ध्याला वारली. हृदयविकाराचा झटका, दहा मिनिटांत संपलं. त्या खेपेला मी एकटीच लवकर आले होते, फोन आला तेव्हा इंगोलश्टाटलाच होते. मिलिंद स्वयंपाकघरात भिंतीला टेकून पोरासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि मनात विचार करत होते, माझ्या वेळी हा इतका रडेल का. खोटं कशाला लिहू.

पुढच्या चौदा एप्रिलला मी पुन्हा त्याच्याकडे आले होते, तेव्हा घरी जयंतीची वंदना झाली. म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमहून मिलिंदचे मराठी मित्र बायकापोरांना घेऊन आले होते. जेवताना प्रवासाचा विषय निघाला आणि मिलिंदने ती गोष्ट सांगायला घेतली. "आमच्या सासूबाई, काय सांगू, रस्त्यात कधी चुकल्या नाहीत. एकदाच चुकल्या, आणि ते असं चुकल्या की थेट ट्रॅक्टर!" प्रेमानेच सांगत होता. सगळे हसले. प्रज्ञा हसली नाही, भाताचं भांडं उचलून आत गेली.

मी हातातला घास ताटात ठेवला. "ती चुकली नव्हती," मी म्हटलं. "खाली पाटी लाल होती. मी पाहिली होती. मी बोलले नाही."



"आई, गाडीत मैत्री होती," मिलिंद म्हणाला. "का बोलली नाहीस?"

"तू तिला विचारत होतास. मला विचारलं नाहीस."

पाहुणे गेल्यावर प्रज्ञाने माझ्यासाठी चहा आणून ठेवला. मिलिंद आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मास्तरीण असती तर तिने त्याला बसवून दोन गोष्टी सांगितल्या असत्या, आणि त्याने तिचं ऐकलंही असतं. मग मला त्याचाही राग आला असता.