शेजारची नायिका

बहारीनला सनाबिसमध्ये आमच्या शेजारी राहणारी मंगोल बाई लग्नाआधी सिनेमात नायिका होती. बोलताना तिचा चेहरा आपोआप उजेडाकडे वळायचा, आणि मोडक्या हिंदीतलं प्रत्येक वाक्य ती ‘खलास’ म्हणून संपवायची.

एकदा तिने स्वतःच्या सिनेमाची व्हिडिओ कॅसेट आणली. त्यात मेलेल्या घोड्याच्या मानेला मिठी मारून ती नुसती रडत होती. आमचे हे म्हणाले, “अभिनय म्हणतात तो हा!”

तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी दहा वर्षं कामं करत होते. मला ते असं कधीच म्हणाले नव्हते.

माझा चेहरा पाहून तिने कॅसेट थांबवली. “भाभी, अब तुम करो. खलास.”

मी उठून माझं स्वगत म्हटलं. मराठीचं अक्षर कळत नसूनही तिचे डोळे भरून आले.

हे मात्र तिच्याकडेच बघत होते.