डेलियाच्या गाडीचा चौथा बोल्ट

बार्टली फोलन गाडीखाली शिरला की आधी बराच वेळ नुसता पडून राहायचा. पाठीखाली जुनं पोतं, हातात दिवा आणि तोंडातून शब्द नाही. बाहेर उभ्या गिऱ्हाइकाला वाटायचं, झोप लागली की काय याला! पण तो बोल्ट बघत असायचा. कुठला मुकाट्याने येईल, कुठला रडवेल आणि कुठला मान मोडून घेईल, हे पाना लावण्याआधी त्याला ठरवायचं असे.

त्याचं पत्र्याचं गॅरेज आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, डांबरी रस्ता संपून पुळण सुरू होते तिथे होतं. समोर इनिशलोर बेट. ओहोटीला पाणी मागे हटलं की बेटाची वाट उघडी पडायची. वाळूत रोवलेल्या खांबांच्या कडेकडेने गाड्या जायच्या, यायच्या. भरती आली की वाट पुन्हा समुद्राची. या वाटेने जाणारी प्रत्येक गाडी समुद्र खालून चाटत राहायचा. म्हणून तिथे एक रिवाज होता, आणि तो रविवारच्या प्रार्थनेइतकाच पाळला जायचा. पुळण ओलांडली की आधी गोड्या पाण्याने गाडीचं पोट धुवायचं, मगच घरात पाय टाकायचा. चहा निवला तरी चालेल, पाहुणा ताटकळला तरी चालेल.

तरी गंज यायचाच. चाकाला गाडीशी धरून ठेवणारे खालचे लोखंडी हात असतात, त्यांच्या बोल्टांना तो आधी गाठायचा. नट सुटायचा, पण बोल्ट आतल्या नळीला असा धरून बसायचा की कुठे बोल्ट संपला आणि कुठे नळी सुरू झाली ते कळू नये. घाईची माणसं घण घालायची आणि बोल्ट तोडून बसायची. बार्टली त्याला तेल पाजायचा. आज थोडं, उद्या थोडं. मग गॅसची ज्योत दाखवायची, निवू द्यायचं, पुन्हा तेल. ठोकायचं ते नट दोन आटे परत चढवूनच, म्हणजे टोक चेंबत नाही. केसभर पुढे, केसभर मागे. "आपण आपल्याच मनाने निघालोय असं वाटलं पाहिजे त्याला," असं तो म्हणायचा. खाडीच्या दोन्ही काठांवर त्याच्या हातून बोल्ट मोडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. लग्न त्याने केलं नाही, शेत भावाकडे गेलं, चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसायचा. मिरवायला त्याच्याकडे एवढीच गोष्ट होती, आणि ती तो मिरवायचा.

बेटावर आता डेलिया एकटीच उरली होती. ऐंशी ओलांडलेली, हाडकुळी, जिभेने तिखट. बाकीची घरं उन्हाळ्यापुरती उघडायची. तिचा नवरा फेहिन हा बार्टलीचा जिवाभावाचा मित्र. तो जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याची लहानशी लाल गाडी डेलिया चालवत होती. बेटावर गाडी लागते तिथेच, समुद्राकडच्या दगडी बांधाच्या आत, फेहिनने एक विहीर खणली होती. घरात प्यायला नळ आला होता, ही विहीर केवळ गाडी धुण्यासाठी. खणताना वर दोर धरून बार्टली उभा होता. पहिली बादली वर आली तेव्हा फेहिन खालून ओरडला होता, "चाखून बघ रे!" बार्टलीने चाखलं होतं. गोडं होतं.

त्या वर्षी बटाटे काढून झाल्यावर लाल गाडी तपासणीत नापास झाली. खालचे हात कुजले होते, ते बदलल्याशिवाय रस्त्यावर आणायची नाही, असा शेरा पडला. डेलियाचा मुलगा काहल गॉलवे शहरात लॉरी चालवायचा. तो गाडी आणि आई दोघींना घेऊन गॅरेजवर आला.

"आई, ठरलंय तसं," काहल म्हणाला. "गाडी पास झाली तर वसंतापर्यंत मी तोंड उघडणार नाही. नाही झाली तर सामान बांधायचं. गाडीशिवाय तू तिकडे एकटी, म्हणजे मला झोप लागायची नाही."

"तुझ्या झोपेचं तुझी बायको बघेल."

"दुसरी घेऊन दिली असती. पण तुझ्या वयाला नवीन गाडीचा विमा कोणी उतरवेना. या गाडीचा जुना चालू आहे, तेवढाच."

"ऐकलंस बार्टली?" डेलिया वाकून गाडीखाली बोलली. "या डबड्याला आणि मला एकाच दोरीला बांधलंय माझ्या लेकाने."

"चारच तर बोल्ट आहेत," खालून आवाज आला.

"तोडशील बिडशील."

"मी?"

काहलसुद्धा हसला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. जाताना त्याने बार्टलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "बोल्ट निघाले तर बरंच होईल. तिला तिथून हलवायचं माझ्या जिवावर येतं."

पहिला बोल्ट तेल पिऊन निघाला. दुसऱ्याने ज्योत मागितली. तिसरा कुरकुरला, किंचाळला, पण आला. चौथा उजव्या चाकाच्या मागचा. बार्टलीने त्याला सवड दिली. रोज सकाळी तेल, रोज संध्याकाळी पाना लावून नुसता कानोसा. पोस्टमन कोलमन दारात सायकल टेकवून चिडवायचा, "काय रे, त्या बोल्टशी लग्न लावतोस की काय?"

"तुझ्या लग्नापेक्षा टिकेल," बार्टली म्हणायचा.

आणि एका दुपारी तो हलला. केसभर. बार्टलीने श्वास धरला. मागे, पुढे, मागे. गंजाची लाल भुकटी त्याच्या गालांवर पडत होती. बोल्ट बाहेर सरकत आला, अख्खा, आट्यांसकट. पण एकटा आला नाही. ज्या लोखंडात तो बसला होता, ते ओल्या पावासारखं फुटून त्याच्यामागे येऊ लागलं. बार्टलीने बोट घातलं. बोट आत गेलं. गाडीचा कणाच तिथे उरला नव्हता. इतकी वर्षं त्या बोल्टनेच तो सांभाळून धरला होता. वेल्डिंग करायचं तर धड लोखंड शोधायला हवं, म्हणून त्याने कडेकडेने टोकून पाहिलं. पापुद्रे पडत गेले. धड काही लागलं नाही.

त्याला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पुळणीवरची गाडी खालून कुजते, जिथे चाकाचे शिंतोडे उडतात तिथे. ही वरून कुजली होती. शिंतोडा कधी पोचणार नाही अशा खाचांमध्ये, जिथे फक्त बादलीने ओतलेलं पाणी उतरतं, तिथे पांढरं काहीतरी साचलं होतं. त्याने नखाने खरवडून जिभेला लावलं. मीठ.

तो तसाच पडून राहिला. मग उठला, हात पुसले आणि पाणी हटल्यावर खांबांच्या ओळीने चालत बेटावर गेला.

बांधाच्या आत फेहिनची विहीर होती, काठावर बादली पालथी घातलेली. बांधाचे वरचे दगड ढासळले होते. अलीकडच्या हिवाळ्यांत वादळ आलं की समुद्र तिथून आत यायचा. बार्टलीने बादली सोडली, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

खारट. समुद्राइतकं नाही, पण खारट.

एकही फेरी न चुकता तिने गाडी धुतली होती. वारा असो, संधिवात असो, फेहिनचा रिवाज तिने मोडला नव्हता. धुतलीच नसती, तर गाडी अजून काही वर्षं चालली असती.

डेलियाने त्याला खिडकीतून पाहिलं होतं. चहा ओतून झाला होता, सोडा ब्रेडवर लोणी लावलेलं होतं. "चालत आलास म्हणजे बातमी चांगली नाही," ती म्हणाली. "बस आधी. फोनवर सांगता आलं असतं ना, लेका."

"आलो असाच."

"बोल मग."

बार्टलीने कप दोन्ही हातांत धरला. बाहेर बादली दिसत होती. खरं एका वाक्यात सांगून झालं असतं. तिच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं, आणि आपल्याकडे असलेली मिरवायची एकुलती एक गोष्ट त्याने टेबलावर ठेवून दिली.

"मी जाळला," तो म्हणाला.

"काय?"

"चौथा बोल्ट. ज्योत जास्त वेळ धरली. बोल्ट मोडला आणि मागचं लोखंडही गेलं. आता त्याला काही करता येत नाही. चूक माझी आहे, डेलिया."

चुलीत पीटचं, दलदलीतल्या जळाऊ मातीचं, ढेकूळ खाली बसलं.

"तू?" ती म्हणाली.

"हात पहिल्यासारखा राहिला नाही."

"मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल. धुण्यात कसर राहिली असेल."

"तुझी कसर कुठेच नव्हती," बार्टली म्हणाला. आणि हे मात्र खरं होतं.

गोष्ट खाडीच्या दोन्ही काठांवर फिरायला एक रविवार पुरला. पबमध्ये कोणीतरी म्हणालं, "बार्टलीने विधवेची गाडी भाजून खाल्ली." कोलमन आता सायकल टेकवायचा, पण चिडवायचा नाही, आणि ते जास्त लागायचं. दोन गिऱ्हाइकं गाड्या घेऊन शहरात गेली. काहल चिडला नाही. "म्हातारा झालास रे," एवढंच म्हणाला, आणि लॉरी दुपारपर्यंत कामावर असल्यामुळे आईला बेटावरून गॅरेजपर्यंत आणायचं काम त्याने बार्टलीच्याच व्हॅनवर सोपवलं.

तो दिवस निवळ होता. दोन बॅगा, फेहिनचा फोटो आणि खुराड्यातल्या चार कोंबड्या. डेलियाने दार लावलं, किल्ली खिशात टाकली, मागे पाहिलं नाही. पुळणीच्या मध्यावर ती म्हणाली, "सावकाश घे," आणि बार्टलीने व्हॅन माणसाच्या चालीवर आणली. समुद्र दूर, पातळ, चकाकत होता.

गॅरेजच्या अंगणात व्हॅन थांबली. काहल यायला अजून वेळ होता. डेलिया उतरली आणि सवयीने इकडेतिकडे शोधू लागली.

"बादली कुठाय?"

"राहू दे, डेलिया. मी नंतर धुतो."

"पुळण ओलांडून आलोय आपण. नंतर म्हणजे काय?"

त्याने नळाखाली बादली भरून दिली. तिने बाह्या वर केल्या, वाकली आणि सराईत हाताने चाकाच्या आत पाण्याचा फटकारा मारला. पाणी लोखंडावर आपटून तिच्या तोंडावर उडालं. तिने ओठांवरून जीभ फिरवली.

मग ती थांबली. बादली तशीच हातात.

"तुझं पाणी गोडं आहे," ती म्हणाली.

बार्टली नळाकडे बघत राहिला.

"तिकडे धुताना असंच उडायचं तोंडावर. खारट लागायचं. मला वाटायचं, गाडीवरचं मीठ धुतलं जातंय." तिने पुळणीपलीकडे पाहिलं, बेटाकडे, बांधाकडे. "त्या दिवशी तू विहिरीवर वाकला होतास. मी म्हटलं, तहान लागली असेल."

"डेलिया..."

"बोल्ट मोडला का खरंच?"

त्याने खिशात हात घातला. बोल्ट तिथेच होता, अख्खा. तो बाहेर काढावा असं त्याला फार वाटलं. त्याने हात रिकामाच बाहेर काढला.

"मोडला," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघून मान हलवली, जशी ती फेहिनकडे बघून हलवायची, खोटं पकडल्यावर. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच होता, तिखट.

"भर आणखी एक बादली," ती म्हणाली. "मागचं चाक राहिलंय."

त्याने भरली. रस्त्याच्या वळणावर काहलची लॉरी दिसू लागली तेव्हाही ती वाकून व्हॅनचं पोट धूत होती, आणि पुळणीवर पहिलं पाणी चढायला लागलं होतं.