पांढऱ्या काड्यांचं टेबल

माझी जागा माझ्या जावेनं घेतली. घेतली म्हणजे दिली मीच, पण काय कायमची नव्हती दिली.

म्हैसूरजवळ नंजनगूडच्या बाजूला एक कारखाना आहे, तिथं क्याटलिस्ट करतात. नाव एवढं मोठं, वस्तू बारकी. पांढरं पीठ मळायचं, मशिनीतून शेवेसारखं पाडायचं, भट्टीत भाजायचं, की तांदळाच्या दाण्याहून जरा लांब अशा काड्या होतात. काडीचं टोक डोळ्यापाशी धरून बघितलं तर तीन पाकळ्या दिसतात. मग दुसऱ्या शेडमध्ये त्यांना हिरव्या नाहीतर गुलाबी पाण्यात भिजवतात, त्या पाण्यात धातू असतो. आमच्या सासरी मागं लुगडी रंगवायचं काम होतं. सासूला आम्ही अत्ते म्हणतो, ती ऐकून म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच की. कोरं कापड आधी बघून घ्यायचं, मग रंग."

तर ते कोरं बघायचं काम आम्हा बायकांचं. काचेचं टेबल, खालून लाइट, वर काड्या पसरलेल्या, त्यातल्या मोडक्या, वाकड्या, एकमेकीला चिकटलेल्या वेचून वाटीत टाकायच्या. आमच्या सुपरवायझर मॅडमनी एकदा सांगितलेलं, तेल साफ करतात तिथं ह्या काड्यांचा उंच थर भरतात, त्यातनं तापलेलं तेल सोडतात, तेलातलं गंधक तिथं सुटतं आणि काडी मात्र आहे तशीच राहते, वर्षानुवर्षं. पण आत चुरा गेला तर वाट बुजते, तेल अडतं. म्हणून वेचायचं. मी दहावी नापास, पण त्या टेबलावर दहावी कुणी विचारली नाही. माझी बोटं पळायची. नवीन बाई आली की मॅडम तिला माझ्या मागं उभी करायच्या, "नोडु, बघ, हिच्यासारखं."

मग बाळ झालं. जागा जाऊ नये म्हणून माझ्या बदली जावेला पाठवली. मोठी जाऊ, मी अक्का म्हणते. तिला मूल नाही, बाजाराच्या पुढं कधी एकटी गेली नव्हती. मीच तिला शिकवलं, ताटात शेवया चुरून, "अक्का, डोळ्यानं शोधू नका, बोटाला शोधू द्या."

पहिले काही दिवस डोळे चोळत यायची, रडायची. नंतर हसत यायला लागली. नंजनगूड स्टँडवरची मल्लिगे, मोगऱ्याची फुलं, केसात. जेवताना माझ्या टेबलाच्या गोष्टी, माझ्या मैत्रिणींच्या गोष्टी, मलाच सांगायची. आमचे हे तिला विचारायचे, "वैनी, आज काय झालं कारखान्यात?" मला विचारायचे, "बाळानं दूध घेतलं का?" तिकडं ती हसून सांगते, इकडं मी मांडीवर बाळ घेऊन भात कालवत बसते. एकदा म्हणाली, "माझ्या स्टुलाचा पाय हलतोय गं." माझ्या स्टुलाचा! तो पाय माझ्या वेळेपासून हलतोय.

मग एक दिवस म्हणाली, मॅडम ह्या टेबलावर एकीला पर्मनंट करणार आहेत.

मी म्हटलं, "मग उद्यापासून मी येते, अक्का."

ती चपातीचं पीठ मळत होती. मळत राहिली. मग म्हणाली, "मला पण पाहिजे गं ती जागा."

ही जागा गेली की गेली, मग मी घरातच, कायमची, भांडी आणि दुपटी. आणि कामावर गेले तर बाळाचं काय, दूध आटलं तर, ती पांढरी धूळ माझ्या अंगावरनं त्याच्या नाकात गेली तर. सगळ्याचीच भीती वाटत होती, तरी सकाळी बाळाला गुंडाळलं, अत्तेला घेतलं आणि अक्काच्याच बसमध्ये चढले. नंजनगूडपर्यंत बाळ अक्काच्या केसातल्या कालच्या फुलाला हात घालत होतं.

बाळाला आत सोडत नाहीत. अत्ते गेटबाहेर होंगेच्या झाडाखाली त्याला घेऊन बसली. मॅडमनी मला बघितलं, अक्काला बघितलं. "जागा एकच आहे. दोघी बसा शेजारी, काड्यांचं एकेक ताट घ्या. जिचं ताट स्वच्छ, ती."

बायकांना काय, सणच.

"अय्यो, जावांची शर्यत!"

"हरेल तिनं जिंकणारीची भांडी घासायची हं!"

"ही धाकटी तर आताही घासतेच की!" आणि सगळ्या हसल्या, मला ते लागलं.

सुरवातीला बोटं लाकडासारखी. मग सुटली. वाकडी, मोडकी, जोडकाडी, टक टक वाटीत. मी अक्काकडं तिरकं बघितलं, ती माझ्यापेक्षा किती मागं होती! सावकाश, एकेक काडी लोटत. मला वाटलं, आयतु, झालं, माझीच.

तेवढ्यात बाहेर बाळ रडलं. माझंच, मला कळलं. आणि छाती दुधानं भरून आली, पदर, ब्लाउज सगळं ओलं. मी वाकलेली, दाबून धरायला हात मोकळा नाही, एक थेंब खाली ताटात. मग अजून एक.

त्या काड्या तहानलेल्या असतात. मॅडम पाणी टाकून बघतात किती पितात ते, जास्त पिते ती चांगली. थेंब पडला की लगेच आत, आणि कोरड्या काड्या बारीक तडतडतात. तशा तडतडल्या. ताटात काळपट ओला डाग. ओलं ताट म्हणजे बाद. मॅडम दोन स्टुलं पलीकडं.

अक्कानं ऐकलं. मान वर न करता तिचा हात आडवा आला, ओल्या काड्या मुठीत धरल्या आणि स्वतःच्या वाटीत टाकल्या. परत आपलं वेचायला लागली.

मॅडम आल्या. "तुझ्या वाटीत एवढ्या का गं?"

"खराब होत्या," अक्का म्हणाली.

मग मॅडमनी ताटं लाइटवर हलवली. माझ्या ताटात दोन जोडकाड्या राहिलेल्या, एक मोडकीही. घाईत सुटल्या होत्या. अक्काच्या ताटात एकही नाही.

"ही," मॅडमनी अक्काच्या खांद्यावर हात ठेवला. मला म्हणाल्या, "तू बाळ चालायला लागलं की ये, बघू."

मी बाहेर गेले, झाडाखाली बाळाला पाजलं. नुसती हरले असते तर निदान चार शिव्या देता आल्या असत्या. तिनं मला वाचवलं, आणि वर जिंकली. आता जळायचं पण कुठल्या तोंडानं? तरी जळत होतेच.

संध्याकाळी ती आली. फूल नव्हतं केसात. चप्पल काढली आणि सरळ बाळाकडं हात पसरले.

"आधी हात धुवा, अक्का. धूळ असते."

ती न्हाणीत गेली, धुऊन आली.

"साबणानं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग परत गेली. आतून पाण्याचा आवाज येत होता, ती कोपरापर्यंत धूत असणार. बाळ तिकडं बघून पाय मारत होतं, तिच्याकडं जायला. आवाज थांबेपर्यंत मी त्याला घट्ट धरून ठेवलं.