आपल्यातलं एखादं पोर

वडगावातल्या एका मराठी शाळेत मी अठ्ठावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. सगळे भारतीय समान, कुणालाही देशात कुठंही जाऊन राहता येतं, हे इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं की हात आपोआप चालायचा. डोक्याला त्रास असा कधी झाला नाही.

निवृत्त झालो तरी प्रजासत्ताक दिनाची भाषणं बसवायला शाळा मलाच बोलावते. यंदा चौथीतल्या एका मुलीनं स्वतः भाषण लिहून आणलं. तिचे वडील बिहारहून इथं यंत्रमागावर कामाला आलेले. आमच्या शाळेचे वर्ग आता अशाच मुलांनी भरतात, कारण सीमाभागात मराठी जगली पाहिजे म्हणून गळा काढणाऱ्या आम्हा सगळ्यांची पोरं इंग्रजी शाळेत. माझा नातूही तिथलाच. मुलीनं भाषण तोंडपाठ केलं होतं, आणि कार्यक्रम ठरवायची बैठक चालू असताना ते म्हणून दाखवायला ती दाराशी येऊन उभी राहिली.

सीमाभाग परराज्यात टाकला म्हणून एक नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत शाळा समितीचे अध्यक्ष दरवर्षी सगळ्यांत पुढं असतात. आम्हाला आमच्याच गावात परकं ठरवलं, हे त्यांचं जन्माचं रडगाणं. माझंही तेच. त्यांनी मुलीकडं एकदा पाहिलं.

"सर, पोरगी हुशार हाय, न्हाय म्हणत न्हाय. पर झेंड्याम्होरं आपल्यातलं एकादं पोर बोललं तर बरं दिसतंय."

"आपल्यातलं शाळेत हाय कोण, आण्णा?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"सरांचा नातू आणा की. एका दिवसाचं तर काम."

समानतेवर अठ्ठावीस वर्षं बडबडलेला मी मान खाली घालून वही चाळत बसलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी थोडी लाज राहिली असती. पण नवं भाषण लिहायचा कंटाळा, म्हणून मी तिचंच उचललं. 'माझे वडील मागावर कापड विणतात' हे वाक्य खोडलं, कारण नातवाचा बाप कॉम्प्युटरवर बसतो. नातवाला मराठी बोलता येतं, वाचताना मात्र बोंब, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत उतरवून दिलं. मराठीची अशी सेवा माझ्या हातून घडली.

सव्वीस जानेवारीला नातू तिसऱ्याच वाक्यावर अडकला. कागद डोळ्यांजवळ नेऊन 'आणि... आणि...' करायला लागला. अध्यक्ष उगीचच घसा खाकरत होते. पहिल्या रांगेत ती मुलगी मांडी घालून बसली होती. पुढचा शब्द तिला ठाऊक होता, तो तिनंच लिहिलेला. मी निर्लज्जासारखी तिला हातानं खूण केली, सांग की गं म्हणून.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग मान खाली घातली आणि बाहीचा सुटलेला दोरा ओढत बसली, त्या बैठकीत मी वही चाळत बसलो होतो तशीच.