तिसऱ्या फेरीचा शनिवार आणि नेटा पर्डी

तर नेटानं ते शाईनं लिहिलं होतं, हे काल सांगायचं राहूनच गेलं. आणि सगळी गंमत तर त्या शाईतच आहे.

नेटा पर्डी म्हणजे आमच्या ड्रमली थिसल फुटबॉल क्लबाच्या हॉलची मालकीणच म्हणा ना. कागदोपत्री ती कुणीच नाही. पद नाही, पाटी नाही. पण हॉलची किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात, सामन्याच्या दिवशी मांस भरलेल्या गरम पाई आणि चहा द्यायची खिडकी तिची, आणि हॉल कुणाला कधी द्यायचा ती वहीसुद्धा तिच्याच हातात. त्या वहीत लिहायची तिची एक रीत होती. लीगचे सामने, लग्नं, बारशी, मयताचा चहा, सगळं निळ्या शाईनं. कपाचे, म्हणजे बाद पद्धतीच्या स्पर्धेचे, सामने तेवढे पेन्सिलीनं. कारण कपात हरलं की बाहेर, आणि आमचा संघ हरायला फार वेळ लावत नसे. पहिल्या फेरीची तारीख ती पेन्सिलीनं लिहायची, दुसरीची लिहिताना जरा हसायची, आणि तिसऱ्या फेरीच्या शनिवारची जागा सरळ कोरी सोडायची. एकतीस वर्षं वही तिच्याकडं होती आणि एकतीस वर्षं तो शनिवार कोरा.

जूनमध्ये तिच्या लेकीचं, मोरव्हेनचं, लग्न ठरलं. नवरामुलगा कॅलम समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर कामाला. तिथं सुट्टी आपल्या मनासारखी मिळत नाही. पाळी असते, हेलिकॉप्टर येईल तेव्हा यायचं. नोव्हेंबरातला तो एकच शनिवार जुळत होता, नाहीतर थेट फेब्रुवारी. गावातलं हॉटेल बंद पडून चार वर्षं झालेली, चर्चच्या हॉलचा बॉयलर मेलेला. राहिला आमचा हॉल. नेटानं वही उघडली, बोटानं ओळ धरली आणि म्हणाली, "हा घे. याच्याइतका रिकामा दिवस अख्ख्या वर्षात नाही." आणि लिहिलं. शाईनं, खाली दोन रेघा ओढून.

मी तेव्हा तिथंच होतो. फाटकावर तिकिटं फाडायचं काम माझं, पण उन्हाळ्यात फाटकाला काम काय असणार? चहा प्यायला बसलो होतो. मी विचारलं, "नेटा, तो तिसऱ्या फेरीचा शनिवार ना गं?"

ती म्हणाली, "टॅम, तू या क्लबाचे सामने किती वर्षं बघतोयस?"

"बावन्न."

"मग विचारतोस काय?"

मी चहाचा घोट घेतला. खरंच होतं ते.

आता नेटा या क्लबात आली कशी, तेही ऐका. एकोणिसाव्या वर्षी ती रॅब पर्डीशी लग्न करून आली. रॅब आमचा डावा बचावपटू. पाय लाकडाचे, पण माणूस सोन्याचा. पहिल्याच आठवड्यात तिनं संघाचे कपडे धुऊन नदीकाठच्या तारेवर वाळत घातले. वारा असा सुटला की सात नंबरचा सदरा उडून नदीत. पुढचे तीन सामने आमचा सात नंबर पाठीवर काहीच न लिहिलेला सदरा घालून खेळला, आणि समोरचे त्याला अडवायलाच विसरायचे. तिन्ही जिंकलो! लोक नेटाला म्हणायचे, बाई, आणखी एक-दोन सोड की नदीत.

रॅब गेला तो हृदयविकारानं, गुरुवारी. शनिवारी घरच्या मैदानावर सामना. कुणालाच वाटलं नव्हतं ती येईल. फाटक उघडायला आलो तर स्वयंपाकघराच्या धुराड्यातून धूर. आत जाऊन बघतो, तर नेटा पाईंचे ट्रे भट्टीत सरकवतेय. ती पाठ न वळवता म्हणाली, "घरी बसून काय करू, टॅम? इथं निदान तेवीस माणसं भुकेली आहेत." बावीस खेळाडू आणि एक पंच. लेक तेव्हा सहा वर्षांची. ती टेबलाखाली बसून टोमॅटो सॉसच्या बाटल्या रांगेत लावत होती. मोरव्हेन वाढली ती अशी, आमच्या सगळ्यांच्या पायांत.

असो. तर त्या वर्षी काय झालं देव जाणे. सप्टेंबरात पहिली फेरी जिंकलो. समोरच्या गोलरक्षकाच्या पार्श्वभागाला आपटून चेंडू आत गेला, पण गेला. ऑक्टोबरात दुसरी फेरी, घरच्या मैदानावर. एकास एक, मग पेनल्टी. पाऊस असा की पेनल्टीची खूण दिसेना. आमचा अध्यक्ष डूगल हॅल्डेन छत्री घेऊन धावला आणि खडूनं परत ठिपका काढून आला. शेवटची पेनल्टी आमच्या कप्तानानं, लांबड्या फ्रेझर मॉफॅटनं मारली. चेंडू खांबाला लागला, दुसऱ्या खांबाला लागला आणि रमतगमत आत गेला.

मी काय सांगू! बावन्न वर्षांची माणसं बारा वर्षांची झाली. नेटा खिडकीतून अर्धी बाहेर लोंबली होती. तिनं माझ्या गळ्यात हात टाकला, माझी टोपी पाडली, कानात ओरडली, "तिसरी फेरी, टॅम! तिसरी फेरी!" आणि तशीच थिजली. मला ढकलून दिलं. तोंडाचा रंग पांढरा.

"टॅम," ती म्हणाली, "शनिवार."

आता अडचण समजून घ्या. आमच्या खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोल्या हॉलच्या मागं आहेत आणि तिथं जायचा रस्ता हॉलमधूनच. हॉल नाही तर सामना नाही. त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये, दुपारी लग्नाची एकशे दहा माणसं जेवायला बसणार. मधून चिखलाचे बूट घातलेले दोन संघ जाणार? कप्तान फ्रेझर म्हणाला, "नेटा, आम्ही चवड्यांवर जाऊ गं, नवरीच्या झग्याला धक्का लागू देणार नाही." तिनं त्याला ओला टॉवेल फेकून मारला.

वाचायची वाट एकच. सोडतीत आमचा सामना समोरच्यांच्या गावी पडायला हवा. आणि अख्ख्या ड्रमलीला हवं होतं नेमकं उलटं. घरचं मैदान! मी शाळेत असताना क्लब एकदा तिसऱ्या फेरीत पोचला होता, तोही दुसऱ्यांच्या गावी खेळला. ड्रमलीच्या गवतावर तिसरी फेरी कुणीच बघितली नव्हती. लोक रस्त्यात नेटाला अडवायचे. "काय गं, कुणाकडून आहेस तू?" खाटीक मांस तोलताना म्हणायचा, "लग्न काय, फेब्रुवारीतही लागतं."

मंगळवारी समितीची बैठक झाली. शेवटी डूगल हॅल्डेन घसा खाकरून म्हणाला, "हे बघ नेटा. तुझ्या लेकीला हॉलबाहेर काढायची माझी छाती नाही. आणि सामना सोडून देतो असं गावाला सांगायचीही नाही. वही तुझी. घरचा सामना पडला, तर काय करायचं ते तू ठरव. तू म्हणशील ते मान्य."

"मोठा शूर," नेटा म्हणाली. "ओझं माझ्या डोक्यावर ठेवलंस आणि वर मान देतोयस होय."

"मग काय करू?"

"सोडत रविवारी आहे. रविवारपर्यंत मला कुणी काही विचारायचं नाही."

मोरव्हेनला मात्र काळजी नव्हती. तिची पक्की खात्री, आई आपल्याच बाजूनं. "आई काय, हॉल सोडायला हो म्हणेल?" ती मला म्हणाली. "टॅममामा, तिनं शाईनं लिहिलंय." नेटा भांडी पुसत होती. पुसलेलंच भांडं तिनं परत पुसलं, हे मी पाहिलं.

रविवारी दुपारी सोडत टीव्हीवर. हॉल गच्च भरलेला. पोरं खिडक्यांच्या कठड्यांवर बसलेली. चाळीस क्लब, काचेच्या भांड्यात चाळीस चेंडू. जो आधी निघेल त्याचं घर, जो नंतर निघेल तो पाहुणा. आमचा अकरा नंबर. नेटा स्वयंपाकघरात, टीव्हीकडं पाठ करून पावांना लोणी लावतेय. मोरव्हेन तिच्या शेजारी. मी दारात, म्हणजे मला दोन्हीकडचं दिसत होतं.

चेंडू निघत राहिले. सतरा, चार. एकोणचाळीस, वीस. अकरा काही निघेना. प्रत्येक आकड्याला हॉलमधून "हूं" असा हुंकार, आणि आतून नेटाचा आवाज, "आलो का?"

"नाही."

"आता?"

"नाही गं, आलो की ऐकू येईल तुला. छप्पर उडेल."

पाव संपले. तिनं लोणी लावलेल्या पावांना परत लोणी लावायला घेतलं. मोरव्हेननं हातातली सुरी काढून घेतली. "आई, पुरे. खाणाऱ्यांना पाव दिसू दे."

आणि बघता बघता भांड्यात दोनच चेंडू राहिले. अकरा आणि एकोणतीस. एकोणतीस म्हणजे पोर्टकॅरन, उत्तरेकडचा पगारी खेळाडूंचा संघ, बसनं पाच तासांवर. म्हणजे समोर कोण हे ठरलं. आता फक्त कुणाचं घर एवढंच. हॉलमध्ये इतकी शांतता की चहाच्या किटलीचा फुसफुस आवाज यायला लागला. मग कुणीतरी हळूच सुरू केलं, "घर, घर," आणि सगळा हॉल पायांनी ताल धरू लागला. घर! घर! घर! शेल्फवरच्या बशा हलत होत्या.

त्या टीव्हीवरल्या गृहस्थानं भांड्यात हात घातला. दोनच चेंडू, पण हा बाबा असा ढवळतोय जणू तळाशी आणखी काही सापडेल. मी नेटाकडं बघितलं. तिनं डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. काय मागत होती कोण जाणे.

"एकोणतीस."

टायरमधली हवा जावी तसा अख्खा हॉल एकदम खाली बसला. डूगलनं कपाळावर हात मारला. मोरव्हेन किंचाळली, आईच्या गळ्यात पडली, "आई! बाहेर! बाहेरगावी पडला!" आणि नेटा? नेटा बटाट्याच्या पोत्यावर मटकन बसली. बसली ती बसलीच. एप्रन तोंडाला लावून खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय कळेना.

डूगल दारात आला. "नेटा, निदान आमच्यासमोर तरी आनंद लपव."

"अरे, लपवतेय ना," एप्रनमधून आवाज आला. "किती लपवू?"

मग हॉलही हसायला लागला. खरं सांगू, पाच मिनिटांत सगळ्यांनाच हलकं वाटायला लागलं. घरचा सामना गेला खरा, पण नेटाशी भांडायची पाळी आली नाही. खाटीक स्वतः आत आला आणि म्हणाला, "लग्नाचं मटण माझ्याकडून. आता तोंडाला एप्रन लावून बसू नकोस, बाई. चहा दे." तिनं उठून चहा दिला. कपात साखर किती टाकली देव जाणे, पण कुणी तक्रार केली नाही.

लग्न झकास झालं. सकाळी संघाची बस उत्तरेला निघाली. निघताना चर्चवरून वळसा घालून गेली, आणि पोरांनी खिडक्यांतून असा गोंगाट केला की पाद्रीबाबांना थांबावं लागलं. जेवणाच्या वेळी नवरामुलाच्या काकांनी टेबलाखाली रेडिओ लावला होता. भाषण चालू असताना अर्धे पाहुणे वाकून काहीतरी पडलेलं शोधत होते. चार गोल खाल्ले आम्ही. पण एक दिला! फ्रेझरनं डोक्यानं मारला. तो कळला तेव्हा कॅलम भाषणात मोरव्हेनच्या डोळ्यांचं वर्णन करत होता, आणि एकशे दहा माणसं उठून ओरडली. त्याला वाटलं आपलं वाक्य जमलं. नेटानं मला बाजूला ओढलं, "कुणी मारला? कुठून? पाऊस आहे का तिकडं?" एकतीस वर्षांत तिनं न बघितलेला तो पहिला सामना.

संध्याकाळी पाहुणे पांगले. नवरानवरी गेली. बस अजून रस्त्यातच होती. आम्ही दोघं भांडी घासत होतो. ती घासतेय, मी पुसतोय. माझ्या मनात महिनाभर एकच प्रश्न अडकला होता. रविवारची अट कधीच संपली होती, आता विचारायला हरकत नव्हती. म्हटलं, "नेटा, अकरा आधी निघाला असता तर? काय केलं असतंस?"

तिनं नळ बंद केला. दाराबाहेर कुणी नाही ना, ते वाकून पाहिलं. मग हात पुसत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "हॉल क्लबाला दिला असता, टॅम. मोरव्हेन माझ्या पोटची आहे, वर्षभर रुसली असती आणि मग बोलली असती. पण तिसरी फेरी ड्रमलीच्या गवतावर परत कधी? त्या दिवशी पोत्यावर बसून मी रडले ती याच्याचसाठी, की हे तोंडानं म्हणायची वेळ आली नाही. आणि तिला हे कळलं ना, तर फाटकावरून घरी तू चालत जाणार नाहीस, एवढं लक्षात ठेव."